स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण फार सहजपणे वापरतो. घरातील कोणी रागीट असले, कोणी चेंगट असले, कोणी सदा कुरकुरणारे असले, की चार समजुतीच्या गोष्टी सांगून झाल्यावर शेवटी ही म्हण उच्चारून आपण विषय संपवतो. तिच्यात थोडा वैताग असतो, थोडी क्षमा असते आणि एक गृहीतही असते. ते गृहीत असे की, माणसाचे शरीर ही एक गोष्ट आहे, त्याला रोग होतो व रोगावर औषध असते; आणि माणसाचा स्वभाव ही दुसरीच गोष्ट आहे, तो त्याचा स्वतःचा असतो, त्याला रोग होत नाही, म्हणून त्यावर औषधही नसते. पहिल्याविषयी आपण माणसाची विचारपूस करतो. दुसऱ्याविषयी त्याला दोष देतो. ही सीमारेषा खरोखरच इतकी स्पष्ट आहे का, आणि नसेल तर दोष देण्याचा आपला अधिकार कितपत उरतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या भाषेला ही सीमारेषा कधीच पुरती मान्य नव्हती. ‘प्रकृती कशी आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा तब्येतीची चौकशी करतो, आणि ‘त्याची प्रकृतीच तशी’ असे म्हणतो तेव्हा स्वभावाविषयी बोलतो. आयुर्वेदाने तर वात, पित्त आणि कफ यांच्या आधारे देहाची ठेवण व मनाचा कल यांना एकत्रच पाहिले. ‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वतःच्या ठायी स्थिर असलेला, निरोगी, असा आहे. परंतु मराठीत ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काही न करता बसणे. ज्याला आपण ‘नुसता स्वस्थ बसून असतो’ म्हणून नावे ठेवतो, तो मूळ अर्थाने स्वस्थ आहे की नाही, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

माझे लक्ष या प्रश्नाकडे वेधले ते एका लहानशा ग्रंथीने. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचे वजन 20 ग्रॅमच्या आसपास. आहारातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते, आणि हे संप्रेरक शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाची गती ठरवते. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, त्वचेचा मऊपणा, केसांची वाढ, विचारांचा वेग आणि मनाची उभारी या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या कामावर देखरेख ठेवते. थायरॉक्सिन कमी पडू लागले की पीयूषिका टीएसएच नावाचे आपले संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि थायरॉईडला कामाची ताकीद देते. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ही व्यवस्था चटकन समजते. खालचे कार्यालय काम करीनासे झाले की वरच्या कार्यालयाची स्मरणपत्रे वाढतात. रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा वाढलेला दिसतो, तो या स्मरणपत्रांचा ढीग असतो.

मी राज्य शासनाच्या सेवेत इंदूर येथे असताना, 2012 सालच्या दिवाळीनंतर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझा वेग हळूहळू उतरू लागला. एकच टिपण मला तीनदा वाचावे लागे. ओळखीची नावे ओठांवर येऊन अडकत. आवाज घोगरा झाला, केस मूठमूठ गळू लागले, वजन वाढले. रंगपंचमीच्या गेरीच्या दिवसांत, सारे शहर उन्हाने तापू लागलेले असताना, मी अंगावर शाल घेऊन बसत असे. एका डॉक्टरांनी या वयात असे व्हायचेच, असे सांगून शक्तिवर्धक गोळ्या दिल्या. घरची माणसे प्रेमाची, तरीही सासूबाई म्हणत, “पूर्वी कशी भराभर कामं उरकायचीस, आता कसला गं कंटाळा आलाय तुला?” कार्यालयात, मॅडमना आता निवृत्तीचे वेध लागले आहेत, असा समज पसरला. नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी तर ती म्हणही ऐकवली.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. त्यांना जे दिसत होते ते आळसासारखेच दिसत होते. इतकेच नव्हे, तर आतूनही ते आळसासारखेच जाणवत होते, आणि या आजाराचे मर्म मला यातच आढळते. पायाला दुखापत झाली तर ‘माझा पाय दुखतो’ असे म्हणता येते. दुखणारा पाय आणि ते दुखणे जाणणारी मी, यांत थोडे अंतर असते. थायरॉईड मंदावते तेव्हा हे अंतर उरत नाही, कारण जाणणारेच मंद होते. ज्या मनाने आजार ओळखायचा त्या मनालाच आजाराने वेढलेले असते. म्हणून असा रोगी ‘मी आजारी आहे’ असे न म्हणता ‘मी आता पूर्वीची राहिले नाही’ असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते वैराग्य वाटते किंवा कामचुकारपणा वाटतो.

2013 च्या जुलैमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. टीएसएच सामान्यतः 0.5 ते 4.5 च्या दरम्यान असतो. माझा 60 च्या वर होता. थायरॉईडविरोधी प्रतिपिंडेही पुष्कळ वाढलेली होती. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: हाशिमोटोचा आजार. रोगाला जपानी माणसाचे नाव कसे, या कुतूहलाने मी पुढे थोडे वाचन केले, आणि त्या वाचनातून हा आजार माझ्यापुरता राहिला नाही.

हाकारू हाशिमोटो हा जपानमधील एक तरुण शल्यवैद्य. 1912 साली त्याने एका जर्मन नियतकालिकात चार स्त्री रुग्णांच्या थायरॉईड ग्रंथींविषयी निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेने काढलेल्या त्या ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशींची दाटी झालेली त्याला दिसली. तिथे जंतू नव्हते, मग या पेशी कोणाशी लढायला जमल्या होत्या, याचा उलगडा तेव्हा झाला नाही. हाशिमोटो पुढे आपल्या इगा या गावी परतला, तिथे वैद्यकी करीत राहिला आणि 1934 साली विषमज्वराने वारला. उलगडा झाला तो 1956 साली. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून तशीच गोष्ट दाखवून दिली. त्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच अवयवाशी लढत होत्या. अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. मराठीत आपण त्यांना स्वप्रतिकाराचे आजार म्हणू या.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने असे मानले होते की, शरीर स्वतःवर विषप्रयोग करण्याचे टाळते, किंबहुना त्याला त्याची भीतीच असते. या मताचा दबदबा पुढे अर्धशतक टिकला. 1956 च्या शोधांनी त्याला धक्का बसला. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी ‘स्व’ आणि ‘पर’ हा भेदच रोगप्रतिकारशास्त्राच्या केंद्रस्थानी आणला, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आपले कोण आणि परके कोण हे शरीराला उपजत ठाऊक नसते. ते शिकावे लागते. प्रतिकारपेशी घडत असताना, ज्या आपल्याच घटकांवर धावून जाऊ शकतील अशा बहुतेक पेशी बाद केल्या जातात. बहुतेक, सगळ्या नव्हेत. निरोगी माणसातही अशा काही पेशी उरतात आणि त्यांना आवर घालणारी यंत्रणा काम करीत असते. थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे तर कसलाही त्रास नसलेल्या अनेक माणसांच्या रक्तातही सापडतात. शरीराच्या या संयमाला शास्त्रज्ञांनी दिलेले नाव आहे सहिष्णुता. आपण खाल्लेले अन्न, आतड्यांत राहणारे असंख्य जंतू, आईच्या पोटातील गर्भ, हे सारे काही अंशी परकेच. पण सुदृढ शरीर त्यांना सामावून घेते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी होळकर-शिंद्यांच्या बरोबर नर्मदा ओलांडून आलेल्या आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आजही उत्तर देत असलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना हे निराळे सांगायला नको. आपलेपणाच्या सीमा जन्मतः आखलेल्या नसतात, त्या सहवासाने शिकल्या जातात. तरीही शरीर म्हणजे समाज नव्हे, आणि ही उपमा फार ताणू नये.

ताणली की काय होते, याचा अनुभव मला निदानानंतर आला. ‘शरीर स्वतःवरच उलटले’ हे कळल्यावर अनेकांनी मला कारणे सुचवली. कोणी म्हणाले, मनात काहीतरी दाबून ठेवले असेल. कोणी म्हणाले, स्वतःवर प्रेम न केल्याचा हा परिणाम. कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवले. विचित्र गोष्ट अशी की, आजाराचे नाव कळण्यापूर्वी ज्यांनी मला आळसाबद्दल दोष दिला होता, त्यांच्यातीलच काही जण आता मला आजाराबद्दल दोष देत होते. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी 1978 साली लिहिलेल्या पुस्तकात रोगांना रूपक करण्याच्या या खोडीवर कठोर टीका केली आहे, ती मला पटते. आनुवंशिक कल, स्त्रीदेह, आयोडीनचे प्रमाण, बाळंतपणानंतरचे फेरबदल अशी काही कारणे या आजाराशी निगडित असल्याचे वैद्यकशास्त्र सांगते. त्यांत कोणाचे पाप नाही. प्रतिकारपेशींना द्वेष ठाऊक नसतो. त्यांची ओळख चुकते, एवढेच.

आता पुन्हा म्हणीकडे वळू. थायरॉईडचा इतिहास पाहिला तर ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलेल्या किती गोष्टींना औषध होते, हे दिसते. आल्प्स पर्वतातील काही दऱ्यांत पूर्वी गलगंड, खुंटलेली उंची आणि मंद बुद्धी असलेली माणसे मोठ्या संख्येने आढळत. त्यांच्यासाठी असलेला ‘क्रेटिन’ हा शब्द युरोपात पुढे मूर्ख माणसाला द्यायची शिवी झाला. त्या माणसांत उणीव होती ती आयोडीनची. आपल्या हिमालयाच्या पायथ्याशीही तीच कथा. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंडाचे प्रमाण कमी झाल्याचे दाखवले, आणि 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एखाद्या खोऱ्यातील माणसेच मंद, असे जे म्हटले जाई, त्यावरचे औषध चिमूटभर मिठात होते.

मोठ्या वयातील स्त्रियांत हळूहळू येणारी अशीच मंदता 1873 साली लंडनच्या विल्यम गल यांनी नोंदवली. 1891 साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी अशा एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि त्या उपचारावर पुढे 28 वर्षे जगली. 1949 साली रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी 14 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ही माणसे भ्रमिष्ट म्हणून गणली गेली होती; त्यांच्या वेडामागे थायरॉईडची मंदता होती आणि उपचारांनी त्यांतील बहुतेक जण सुधारले. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात कमतरता ओळखण्याची पद्धत 1970 च्या दशकात सुरू झाली; वेळीच औषध मिळाले तर ते मूल चारचौघांसारखे वाढते. प्रत्येक ठिकाणी आधी माणसाविषयीचा निवाडा आला आणि औषध मागाहून आले. ज्यांच्या आयुष्यात ते आले नाही त्यांच्याबाबत तो निवाडाच शेवटचा ठरला.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो माझ्यापुढे अगदी कागदी स्वरूपात उभा राहिला. शासकीय सेवेत दरवर्षी अधिकाऱ्याची गोपनीय चरित्रावली लिहिली जाते. नावातच ‘चरित्र’ आहे, हे ध्यानात घ्यावे. काम झाले की नाही एवढेच त्यात येत नाही. माणूस तत्पर आहे की शिथिल, हेही त्यात येते. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरेच कर्मचाऱ्याला कळवले जात. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात प्रत्येक नोंद कळवली पाहिजे असा निर्णय दिला. 2012-13 या वर्षाच्या माझ्या चरित्रावलीत माझ्या वरिष्ठांनी दोन प्रकरणांतील विलंबाची नोंद केली होती आणि पुढे स्वभावात शिथिलता आल्याचा शेरा मारला होता. तो माझ्या हाती आला तेव्हा निदान होऊन काही महिने लोटले होते. अभ्यावेदन करण्याची मुदत होती. हितचिंतकांनी सुचवले, “रिपोर्ट जोडून द्या आणि लिहा की यात तुमचा काही दोष नाही.”

हे लिहावे का, याचा मी बराच विचार केला. विलंबाच्या तारखा कागदावर होत्या आणि त्या खऱ्या होत्या. ‘हे मी केले नाही, माझ्या ग्रंथीने केले’ असे मी लिहिले तर मग मागच्या पंचवीस-तीस वर्षांत वेळेवर निकाली काढलेल्या प्रकरणांचे श्रेय कोणाला? तेव्हा ग्रंथी नीट चालत होती म्हणून ती कामे झाली, असे म्हणायला माझी तयारी आहे का? दोष ग्रंथीचा आणि गुण माझा, ही वाटणी सोयीची असली तरी प्रामाणिक नाही. आणि दोन्ही ग्रंथीचेच मानले, तर मग चरित्र लिहिण्यासारखे माझे असे उरते तरी काय?

मराठीत ‘कारण’ आणि ‘सबब’ असे दोन शब्द आहेत. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. आज मात्र ‘सबब सांगू नकोस’ असे आपण म्हणतो ते टाळाटाळीच्या अर्थाने. कारण आणि सबब यांत पुष्कळदा मजकूर एकच असतो. फरक असतो तो त्याच्या वापरात. जे सांगितल्याने पुढे काय करायचे ते कळते ते कारण. जे सांगून पुढे काही करण्यातून सुटका मागितली जाते ती सबब. ‘माझी थायरॉईड मंद आहे, औषध सुरू केले आहे, अमुक काळ मला जड कामे देऊ नका’ हे कारण झाले. ‘मला थायरॉईड आहे’ एवढेच म्हणून थांबणे ही सबब. थायरॉईड तर सर्वांनाच असते.

मी अभ्यावेदनात तीन गोष्टी लिहिल्या. विलंब झाला हे खरे आहे. त्या काळात मला अमुक आजार होता, त्याचा अहवाल सोबत आहे. उपचार चालू असून यापुढील कामाचे मूल्यमापन त्याच्या गुणावगुणांवर व्हावे. काही महिन्यांनी आदेश आला. विलंबाची नोंद कायम राहिली. स्वभावातील शिथिलतेचा शेरा विलोपित झाला. हा निकाल मला तेव्हाही न्याय्य वाटला आणि आजही वाटतो. घडलेली गोष्ट पुसता येत नाही, पुसूही नये. पण घडलेल्या गोष्टीवरून माणसाच्या अंतरंगाकडे मारलेली उडी मागे घेता येते. आपल्या रोजच्या वागण्यातही हा भेद पाळता येण्यासारखा आहे. ‘तू आज उशीर केलास’ हे वाक्य आणि ‘तू आळशीच आहेस’ हे वाक्य यांत एका घटनेपासून एका आयुष्यापर्यंतचे अंतर असते.

औषधाने काय झाले तेही सांगायला हवे. रोज पहाटे उपाशीपोटी एक लहानशी गोळी घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास चहादेखील घ्यायचा नाही, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. गोळीतील थायरॉक्सिनचे मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. एवढ्याशा द्रव्याने काही महिन्यांत माझी शाल उतरली, नावे आठवू लागली, टिपणे एका वाचनात कळू लागली. मग मनात आले की, गोळीने जे गेले ते आजाराचे होते, आणि गोळी घेऊनही जे उरले ते माझे. उतावळेपणा माझ्यात पूर्वी होता, आजारात तो दबला होता, आणि गोळीबरोबर तोही परतला. तो बहुधा माझाच. परंतु ही कसोटीही पुरती खरी नाही. टीएसएच ठीक झाल्यावरही काही रुग्णांचा थकवा राहतो, आणि त्याचे पूर्ण स्पष्टीकरण वैद्यकशास्त्राला अजून देता आलेले नाही. तेव्हा उरलेले सारे स्वभावाच्या खात्यावर टाकणे ही पुन्हा जुन्याच निवाड्याची घाई होईल. ग्रंथी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, हे आतून सांगता येत नाही. मला वाटते, अशी रेघ कुठे नाहीच. गोळीने मला क्षमता परत दिली. त्या क्षमतेचे काय करायचे हे मात्र गोळीत नव्हते. आणि ती गोळी रोज न चुकता घेणे हीदेखील एक कृतीच आहे. ती माझी आहे.

उलट बाजूचा एक धोकाही नोंदवला पाहिजे. शरीरातील कारणे माहीत झाली की त्यांचा उपयोग माणसाचे म्हणणे उडवून लावण्यासाठी होऊ लागतो. घरातील एखादी स्त्री वाजवी कारणाने संतापली, तर ‘थायरॉईड वाढलं असेल, गोळी घेतलीस का?’ असा विनोद होतो. राग येण्यामागे जसे शरीरातील कारण असू शकते, तसे समोरच्याचे वागणेही असू शकते. ज्याच्या बोलण्यात तथ्य आहे त्याला आधी उत्तर द्यावे, रक्त नंतर तपासावे. कारण शोधणे हे दयेचे साधन आहे. ते तोंड बंद करण्याचे साधन झाले तर ती म्हणीपेक्षाही वाईट गोष्ट ठरेल, कारण म्हणीत निदान थोडी क्षमा तरी होती.

मग वागायचे कसे? प्रथम मी असा नियम मनाशी बांधला होता: दुसऱ्याचा विचार करताना आधी कारण पाहावे, मग दोष, स्वतःचा विचार करताना आधी कर्तव्य पाहावे, मग कारण. हा नियम उदार आणि करारी दिसतो, आणि पुष्कळ अंशी तो चांगलाही आहे. परंतु त्यात एक उणीव आहे. हाशिमोटोचा आजार स्त्रियांत पुरुषांच्या सात ते दहा पटींनी अधिक आढळतो. आणि ‘स्वतःपुरते आधी कर्तव्य’ हा धडा आपल्या घरांतील स्त्रियांना कोणी वेगळा शिकवावा लागला नाही. थकवा आला तर कामाचा वेग वाढवायचा, थंडी वाजली तर पदर घट्ट घ्यायचा, आणि घरातील सर्वांची औषधे वेळेवर देऊन झाल्यावर आपले दुखणे उद्यावर टाकायचे, या शिस्तीत कित्येकींची दुखणी वर्षानुवर्षे नावाशिवाय राहिली. त्यांनी स्वतःचे कारण कधी विचारलेच नाही, कारण ते विचारणे त्यांना सबब वाटे. म्हणून नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. एखाद्या परक्या माणसाला आपण जेवढी चौकशी देऊ, तेवढी स्वतःलाही द्यावी. अधिक नको, पण कमीही नको. कधी कधी आपण स्वतःला परके मानल्याशिवाय आपल्याला स्वतःची दया येत नाही.

आपल्या घरांत, शेजारी, सभांमधून कोणी माणूस अलीकडे मंदावला असेल, अबोल झाला असेल, कार्यक्रमांना येईनासा झाला असेल, तर त्याच्या स्वभावाविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीविषयी विचारावे. एका साध्या रक्ततपासणीने थायरॉईडचा प्रश्न निकालात निघतो. अहवालात काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. मग कदाचित एकटेपणा निघेल, न बोललेले दुःख निघेल, त्याचेही काही करता येईल. आणि एवढे सगळे करून झाल्यावरही काही उरलेच, तर ते त्या माणसाचे म्हणून निमूट स्वीकारावे, जसे आपले कितीतरी त्याने स्वीकारलेले असते. त्या ठिकाणी ती म्हण खरी आहे. ती उच्चारण्याची वेळ मात्र आपण फार लवकर आणतो.